वाणात दिलेला खेळ

यंदाच्या हळदीकुंकवाची सुरुवात खैरनारकाकूंकडून झाली आणि माझं डोकं तिथेच फिरलं. काकूंनी हळद लावली, कुंकू लावलं, मनगटावर अत्तराचं बोट फिरवलं, ओला हरभरा, बोरं आणि गाजराचे तुकडे ओटीत घातले, आणि हातात एक प्लास्टिकची साबणदाणी ठेवली. साबणदाणीत एक जाड कार्ड होतं.

"अगं, हे काहीतरी नवीन आलंय, मोबाईलचं की कॉम्प्युटरचं," काकू म्हणाल्या. "मला मेलीला कुठलं कळायला! म्हटलं, वृंदाला देऊ. तुझ्या कामाचं आहे."

मी कार्ड उलटं केलं. गडद निळ्या रंगावर पांढरे उभे धागे आणि त्यांच्यामधून सरकणारा लाकडी धोटा, म्हणजे विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेतं ते लांबट लाकूड. ते चित्र माझंच. खाली नखाने खरवडायची चंदेरी पट्टी आणि पट्टीखाली एका खेळाचा कोड. तो कोड ऑनलाइन दुकानात टाकला की खेळ फुकट मिळतो. दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, माझ्याच हॉलमध्ये मी हे कार्ड याच काकूंच्या हातात ठेवलं होतं. पट्टी जशीच्या तशी होती, साधा ओरखडासुद्धा नाही.

मी हसले. दुसरं काय करणार? चारचौघींत वाणाला नाव ठेवायचं नसतं. काकूंचे पेढ्यासारखे गोड डोळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. घराकडे चालत येताना मात्र हसू जिरलं आणि मागे उरला तो राग. दोन वर्षांचा शिळा राग.

नाशिकची जानेवारीतली थंडी ज्याने अंगावर काढलीय त्यालाच ती कळेल. सकाळी उशिरापर्यंत फरशीवर पाय ठेववत नाही. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षवाल्यांचा जीव टांगणीला लागतो, मणी तडकू नयेत म्हणून बागांतून पहाटे शेकोट्या पेटतात, आणि तो धूर हवा पडली असेल तर थेट शहराच्या कडेपर्यंत येतो. विजेच्या तारांवर येवल्याचे पतंग अडकलेले असतात, फाटून फाटून त्यांच्या नुसत्या काड्या उरतात. आणि संध्याकाळी बायका निघतात. काळ्या चंद्रकळेवर मरून स्वेटर, पैठणीवर नवऱ्याचं जॅकेट, केसांत गजरा आणि कानाला स्कार्फ. एका संध्याकाळी पाच पाच घरं करायची म्हणजे चेष्टा नाही. एकूण मोठे सुंदर दिवस असतात हे, मी नाही म्हणत नाही. मला ते आता सोसत नाहीत, एवढंच.

आमच्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, एक कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात आजवर आलेली सगळी वाणं आहेत. स्टीलच्या वाट्या, चहाच्या गाळण्या, कंगवे, लिंबू पिळायची यंत्रं, चिमटे, हळदीकुंकवाच्या डब्या, कुणाच्या तरी सुनेने दिलेल्या कापडी पिशव्या. आई ती वापरत नाहीत. दर वर्षी त्यांतली काही निघतात, नव्या पिशवीत बसतात आणि दुसऱ्या घरी जातात. एकदा एका गाळणीच्या दांड्यावरचा डाग मी ओळखला होता. तीन घरं फिरून ती माहेरी परत आली होती. "असू दे," आई म्हणाल्या होत्या, "लुटण्याला महत्त्व आहे, वस्तूला नाही." तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, देणारीचं पुण्य झालं, घेणारीचा मान झाला, वस्तूचं काय झालं ते कुणी विचारायचंच नाही, अशी ही सोय आहे.

वस्तूचं काय झालं ते विचारणारी एकच मुलगी मी पाहिली. तिचं नाव शाहीन.

शाहीन आमच्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहायची. मूळ मालेगावची. वडिलांचं अख्खं आयुष्य कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेलेलं. ही शिकली, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायला लागली, आणि एक दिवस तेही सोडून घरात बसून कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायला लागली. मी लग्नपत्रिकांसाठी आणि शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. जिन्यात माझ्या हातातले कागद बघून तिने विचारलं, "ताई, तुम्हाला तुटलेला धागा काढता येईल? म्हणजे तुटलाय ते बघताक्षणी कळलं पाहिजे, पण फार वाईट वाटायला नको." असली विचारणा मला आजवर कुठल्याही प्रकाशकाने केली नव्हती. मी लगेच हो म्हटलं.

खेळाचं नाव 'धोटा'. त्यात मारामारी नाही, पळापळ नाही, शत्रू नाही. लूम चालू असतात, धोटा इकडून तिकडे धावतो, मधेच धागा तुटतो. तो शोधायचा, गाठ मारायची, धोट्यातली सुताची कांडी संपली की बदलायची आणि पुन्हा लूम सुरू करायचा. एकेका फेरीत एकेक लूम वाढतो. शेवटच्या फेरीत सगळे चालू असतात आणि खेळणाऱ्याला एकट्याने सगळ्यांकडे धावायचं असतं. मग कापड पुरं होतं, लूम एकेक करून बंद पडतात, आणि लूमच्या शेडमध्ये शांतता होते.

खेळासाठी खऱ्या शेडचा आवाज रेकॉर्ड करायला मी शाहीनबरोबर मालेगावला गेले होते. चांदवड सोडलं, राहुडचा घाट उतरला, की हवाच बदलते. तिचे अब्बा लूमच्या ओळीत उभे होते. उंच, वाळलेले, भुवयांवर कापसाचा भुगा. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांना आमच्या उद्योगाची फार गंमत वाटत होती. "आमच्या कामाचा खेळ? कोन खेळेल, बाई? आम्ही तर शिफ्ट संपायची वाट बघायचो!" असं म्हणून ते हसले आणि हसताहसता खोकायला लागले. तो खोकला लवकर थांबणारा नव्हता. संध्याकाळी मालकाने वीज बंद केली, सगळे लूम थांबले, शाहीनचा फोन रेकॉर्ड करतच होता, आणि त्या अचानक आलेल्या शांततेत चाचा पुन्हा खोकले. मग घसा साफ करून म्हणाले, "चलो, हो गया."

घरी चहा पिताना तिने ते ऐकवलं. चाचांचा चेहरा उतरला.

"ये निकाल दे, बेटा. लोग हँसेंगे."

"नाही काढणार, अब्बा. हे अगदी शेवटी ठेवणार आहे. जो आखिर तक आएगा, वो नहीं हँसेगा."

"और हँसा तो?"

"तो निकाल दूँगी. वादा."

एवढंच ठरलं होतं बापलेकीचं. बाकी खेळ चालतो की नाही, विकतो की नाही, शाहीन पुन्हा नोकरी धरते की काय, ह्याची काळजी आम्हाला होती. चाचांना एकच जाणून घ्यायचं होतं. कुणीतरी शेवटपर्यंत पोचावं, त्याने तो खोकला ऐकावा, आणि तो हसला का ते आपल्याला कळावं. छातीचं दुखणं तेव्हा आत बरंच पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती.

खेळ दुकानात लागला तो थंडी सुरू होताना. नवा खेळ कुणी खेळलाच नाही तर ऑनलाइन दुकानसुद्धा त्याला मागच्या फळीवर टाकून देतं. म्हणून बनवणाऱ्याला थोडे फुकट कोड मिळतात, वाटा म्हणतात. कुणी खेळ उघडला, कुणी कुठल्या फेरीपर्यंत गेलं, ते आम्हाला दुकानाच्या मागच्या बाजूने दिसायचं. शाहीन रोज संध्याकाळी ते बघायची आणि मगरिबच्या नमाजानंतर अब्बांना फोन लावायची.

पहिल्यांदा तिने खेळाडूंच्या एका मोठ्या ग्रुपवर कोड टाकले. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे गेले. पोरगी धावत जिना चढून वर आली. "ताई, संपले! सगळे संपले!" आम्ही दोघींनी तिळाचा लाडू फोडून खाल्ला. अब्बांना फोन लागला तेव्हा मी शेजारीच होते.

"सब खत्म हो गए, अब्बा!"

"खत्म हुए, के खेले?" चाचांनी विचारलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. एकानेही उघडला नव्हता. असे फुकटचे कोड दिसताक्षणी गिळणारे प्रोग्रॅम असतात, ते नंतर कुणीतरी सांगितलं. आणि जिथे माणसं होती तिथेही काय! फुकट ते पौष्टिक. शंभर खेळ आधीच साठवलेले असतात, त्यांत हा एकशे एकावा. मला आईंचं कपाट आठवलं.

मग आम्ही शहाण्या झालो. म्हटलं, मागेल त्याला द्यायचा नाही. 'हा खेळ तुम्हाला का हवा, ते चार ओळींत लिहा' अशी अट घातली. अबब! काय ती उत्तरं! एका दुपारीत अर्ध्या महाराष्ट्राचे आजोबा विणकर निघाले. प्रत्येकाने लहानपणी आजोबांच्या मागावर बसून खटखट ऐकलेली, प्रत्येकाच्या मनात त्या आठवणींचे रंगीत धागे गुंफलेले. वाचताना आधी माझे डोळे भरून आले, आणि मग तीच वाक्यं पुन्हा पुन्हा यायला लागली तसे कोरडे पडले. यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं सगळी. एकाने तर यंत्राने वर लिहिलेलं 'हे घ्या तुमचं भावनिक उत्तर' हेसुद्धा पुसलं नव्हतं. शाहीन इतकी हसली की खाली बसली. नंतर बराच वेळ ती खालीच बसून होती.

तिसरा एक चॅनलवाला. "वहिनी, तुमच्यासारख्या छोट्या लोकांना आपण सपोर्ट करतो," असं मला फोनवर म्हणाला. स्वतः खेळून दाखवणार, वर आपल्या प्रेक्षकांतही वाटणार. शाहीनला तो पसंत नव्हता, मीच म्हटलं देऊन टाक. त्याने मूठभर कोड घेतले आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. काही दिवसांनी शाहीन वर आली, फोन माझ्यासमोर धरला. कुठल्यातरी साईटवर पाच खेळांचा गठ्ठा विकायला होता, स्वस्तात, आणि त्यात तिसरा आमचा धोटा होता. "जुन्या बाजारात गेला, ताई," ती म्हणाली. मी त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले, अर्थात भिंतीकडे बघून.

आता हळदीकुंकवाची कल्पना माझी. का सुचली ते विचारू नका. संक्रांत आली होती, घरात पिशव्या भरत होत्या, आणि मला वाटलं, अनोळखी लोकांना कशाला, आपल्या माणसांना द्यावं. ओळखीच्या बाईच्या हातात आपल्या हाताने दिलेली वस्तू ती अशी कशी टाकेल? घरोघरी कॉम्प्युटर आहे, पोरं आहेत, सुना कंपनीत जातात. मी हौसेने कार्डं छापून घेतली, चंदेरी पट्टी लावून घेतली. आईंनी एकदा विचारलं, "ह्याच्याबरोबर वाटी देऊ या का एकेक? नुसता कागद बरा दिसत नाही." मी ठामपणे नाही म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या संध्याकाळी शाहीनही वर आली होती. आईंनीच बोलावलं होतं तिला. दारात ती जराशी घुटमळली, कुणीतरी सोफ्यावरची पर्स उचलून मांडीवर घेतली, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन तिच्यासमोर क्षणभर थांबल्या. "तुमच्यात नसतं ना? मग हळदीकुंकू नको तर नको. तिळगूळ घे, आणि वाण घे. वाणाला कसला धर्म!" तिच्या हातात आईंनी कार्ड नाही, कपाटातली एक गाळणी ठेवली. बाकीच्या बायकांनी कार्डं घेतली, उलटसुलट केली. "अय्या, गेम!" "आमच्या सोनूला देते, त्याचा जीव आहे गेमवर." "वृंदाचं नेहमी काहीतरी वेगळंच असतं, नाही?" सोन्यासारख्या बायका, एकीच्याही मनात खोट नव्हती. कार्डं पर्समध्ये गेली, मसाला दूध प्यायलं गेलं, आणि एकीचंही बोट त्या पट्टीपर्यंत गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी खाली शाहीनकडे गेले तर ओट्यावर ती गाळणी ओली होती. तिच्यात चहाचा चोथा होता. आमच्या घरच्या वाणातली वस्तू खरोखर वापरलेली मी पहिल्यांदा पाहिली. ह्याने मला इतकं भरून आलं की मी चहा दोन कप प्यायले.

तोवर चाचा अंथरुणाला खिळले होते. रोजचा फोन मात्र चुकला नाही. कधी कधी शाहीन तो स्पीकरवर ठेवायची, म्हणून मला सगळं माहीत आहे. आधी खोकला यायचा, मग आवाज.

"कोई पहुँचा, बेटा?"

"अभी नहीं, अब्बा."

"कोई बात नहीं. लंबा काम है. टाइम लगता है."

एका संध्याकाळी मला ते सहन झालं नाही. फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, "सांग ना गं, पोचला एकजण म्हणून! हसला नाही म्हणून सांग. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. तुझं काय जातं?"

"मग पुढे कोण, कुठला, काय म्हणाला विचारतील. ते सगळं मीच बनवू?"

"मग मी खेळते. नवऱ्याच्या लॅपटॉपवर कोड टाकते आणि शेवटपर्यंत जाते. मग तर खोटं नाही ना?"

"स्वतःच्या दुकानातून स्वतःच सामान घ्यायचं, ताई?" ती म्हणाली. "अब्बांनी आयुष्यभर एकदाही डाग पडलेला कापडाचा ताका चांगल्या मालात सरकवला नाही. मालक सरकव म्हणायचा तरी नाही. त्यांच्याशी मी खोटं बोलू? ह्या एका गोष्टीत?"

मला राग आला होता तिचा, आजही थोडा आहे. एवढा खरेपणा काय कामाचा, असं वाटून गेलं.

शेवटी शाहीनने स्वतःच वाट काढली. लूमवर नव्या माणसाला कामावर घेताना आधी एक तुटका धागा हातात देतात. गाठ मारता आली तर लूम. तिने खेळाचा एक लहानसा तुकडा वेगळा काढला आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला. त्यात फक्त एकच लूम होता, आणि धागा असा तुटायचा की तो शोधताना जीव मेटाकुटीला यावा. ज्याने तो शोधून जोडला, त्यालाच त्या गाठीच्या ठिकाणी पूर्ण खेळाचा कोड मिळणार. लुटालूट नाही, चार ओळी नाहीत, ओळखपाळख नाही. थांबायची तयारी आहे का, एवढंच बघायचं. इतकी साधी गोष्ट होती. आधी सुचली असती तर, असं मी म्हणणार होते, पण त्याला आता काही अर्थ नाही.

लोक फार थोडे आले. पण आले ते खेळले. आम्ही मागच्या बाजूने बघत बसायचो, एखादी क्रिकेटची मॅच बघावी तसं. एकजण तिसऱ्या फेरीत. एकजण पाचव्या. कुणीतरी एक जण शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आला, तेव्हा शाहीनने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तो तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी येईल म्हणून आम्ही वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मालेगावहून फोन आला, आणि शाहीन मिळेल त्या गाडीने पुढे गेली.

रथसप्तमीचा दिवस होता. आमच्या दारात आईंनी सूर्याचा रथ काढला होता आणि गोवरीच्या विस्तवावर बोळक्यात दूध उतू घातलं होतं. मी ते तसंच ओलांडून एसटी गाठली. घाटात कांद्याच्या गाड्यांच्या मागे बस रखडली तेव्हा ड्रायव्हरला ओरडावंसं वाटलं, आता उशीर होण्यासारखं काहीच उरलं नव्हतं तरी. घरात बायकांच्या गर्दीत शाहीन भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने एवढंच सांगितलं, "रातीपण अब्बांनी विचारलं, ताई. मी म्हटलं, अभी नहीं. तर म्हणाले, कोई बात नहीं."

त्यानंतर आम्ही दुकानाच्या मागच्या बाजूला बघणं सोडून दिलं. नंतर कुणी शेवटपर्यंत पोचलंही असेल. वरातीमागून आलेल्या घोड्याचं कौतुक कोण करणार? शाहीनने पुण्यात नोकरी धरली. जाताना तिने मला खात्याचा पासवर्ड देऊन ठेवला आणि गाळणी बरोबर नेली. खोली रिकामी झाली, तिथे आता एक बँकवाले राहतात. त्यांच्या बायकोला आई दर वर्षी हळदीकुंकवाला बोलावतात.

तर यंदा खैरनारकाकूंची साबणदाणी घेऊन मी घरी आले. चंद्रकळा बदलली नाही, दिवासुद्धा लावला नाही, सरळ कॉम्प्युटर सुरू केला. मनात काय होतं ते सांगते. मला तो खेळ दुकानातून काढून टाकायचा होता. नाहीतरी कुणाला हवा होता? बंद करून टाकावा, कार्ड फाडावं, आणि आईंना सांगावं की ह्या घरात ह्यापुढे हळदीकुंकू करायचं तर मला त्यात धरू नका.

खातं उघडलं. वरच एक निरोप पडलेला होता, काही आठवड्यांपूर्वीचा.

"नमस्कार. मी कळवनकडचा. मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. तुमचा गेम एका साईटवर पाच गेमच्या गठ्ठ्यात स्वस्तात भेटला. बाकीचे लय फास्ट, हा एकदम हळू. पहिल्यांदी कंटाळा आला, खोटं नाय बोलत. मंग दुकानात गिऱ्हाईक नसलं की लावायचो, सवय लागून गेली. सगळ्या फेऱ्या केल्या. शेवटी लूम बंद झाल्यावर ते बाबा खोकतात ना, ते कोन हायेत? आता बरे हायेत का? माझ्या आईला पन तसाच खोकला व्हता, म्हनून इचारलं."

मी ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. ज्यांना आम्ही आपल्या हाताने दिलं, अत्तर लावून दिलं, त्यांनी उघडून पाहिलं नाही. आमचा घात करून एका भामट्याने जो खेळ विकला, तो कळवणकडच्या एका माणसापर्यंत पोचला, आणि त्याने तो धागा धागा जोडत संपवला. म्हणजे उपकार आता त्या चॅनलवाल्याचे मानायचे? असा संताप आला मला, कुणावर तेच कळेना. चाचांवरसुद्धा आला. दोन वर्षं थांबता येत नव्हतं?

शाहीनला फोन लावला. ती ऑफिसात होती, मागे कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. "एक मिनिट, ताई," म्हणून ती बाहेर आली असावी, कारण वाहनांचे आवाज यायला लागले. मी निरोप वाचून दाखवला. 'बरे हायेत का' हे दोनदा वाचलं. मग पुढचं वाचलं.

"हँसा नहीं," शाहीन म्हणाली.

"नाही गं. नाही हसला."

मग तिने नाक ओढलं.

"ताई, त्याला लिहा, बरे आहेत म्हणून."

"शाहीन..."

"लिहा ना. दवा चालू आहे, आता खोकला खूप कमी आहे, असं लिहा. आणि अब्बांनी सलाम सांगितलाय म्हणून लिहा."

मी लिहिलं.